दार निर्दोष आहे

नाशिककराला पाणी क्युसेकमध्ये कळत नाही. गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला ते बातम्यांत सांगतात आणि आपण चहा पीत ऐकतो. पण कोणी नुसतं "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं" म्हटलं, की चहा अर्धा टाकून लोक गोदाघाटावरच्या त्या मूर्तीकडे पळतात. गुडघ्याला पाणी म्हणजे पावसाळा रीतसर सुरू झाला. कमरेला म्हणजे भांडी बाजारातल्यांनी माल वरच्या फळीवर चढवायचा. गळ्याला म्हणजे पाहुण्यांना फोन करून "इतक्यात निघू नका" सांगायचं. आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पोचलं, तर पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात बोलायला विषय मिळाला. २००८, २०१६, २०१९ ही आमच्याकडे नुसती सालं नाहीत, मारुतीच्या अंगावरच्या खुणा आहेत.

माझ्या सासूबाईंचं माहेर भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीतलं. त्यामुळे द्वारका चौकाजवळ, चौथ्या मजल्यावर, आमच्या डिशवॉशरच्या दारातून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी दिलेली खबर घराण्याला शोभेल अशीच होती. "अगं, सिलिंडरच्या बुडाला लागलंय!" पुढे कांद्याच्या टोपलीची खूण आली, मग गव्हाच्या कोठीच्या पायाची. कोठीला लागलं की नवऱ्याला ऑफिसात फोन करायचा, असा नियमच ठरला.

खरं म्हणजे पूर म्हणावा इतकं पाणी त्या यंत्रात नसतंच. एका धुण्याला सगळं मिळून दहा-बारा लिटर, आणि तेही एकदम नाही. थोडं घ्यायचं, तेच फिरवून फिरवून भांड्यांवर मारायचं, सोडून द्यायचं, पुन्हा थोडं घ्यायचं. एका वेळी तळाशी जेमतेम तीन-चार लिटर. त्यातलं तांब्याभर बाहेर येतं. पण तांब्याभर पाणी लादीवर पसरलं की केवढं होतं, हे ज्यांनी फरशी पुसली आहे त्यांनाच ठाऊक.

हे यंत्र आमच्याकडे आलं ते करोनामुळे. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. तीनच दिवसांत टाळेबंदी लागून त्याच थाळ्या आपापल्या हातांनी घासायची पाळी आली, आणि चार माणसांच्या घरात दिवसाला किती वाट्या निघतात हे सिंकपाशी उभं राहून पुष्कळ पुरुषांना पहिल्यांदा कळलं. माझा नवरा त्यांतलाच. त्याने सुरुवातीला वाट्या मोजल्या, मग वाट्या कमी वापरण्याविषयी एक छोटं भाषण केलं आणि शेवटी डिशवॉशरच्या चौकशीला लागला. त्या वर्षी देशभर ह्या यंत्राला एकदम मागणी आली होती, त्यामुळे आम्हालाही थांबावं लागलं. यंत्र आलं तोवर भांडी घासणाऱ्या मावशी कामावर परत आल्या होत्या.

मग मावशी आणि यंत्र ह्या दोघांत कामाची वाटणी झाली. यंत्राला पितळ चालत नाही, तांबं चालत नाही, लोखंडी तवा नाही, लाकडी पोळपाट-लाटणं नाही. ॲल्युमिनियमचा कुकर एकदाच आत गेला आणि काळाठिक्कर होऊन बाहेर आला. सासूबाईंनी ही यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आमच्या बाजारातलं एक भांडं चालत नाही ह्याला. मग हे घासतं तरी काय?" मावशींचा निष्कर्ष त्याहून थोडक्यात होता. "म्हंजे अवघड ते मी, नि सोपं ते मशीन."

गंमत अशी, की ह्या यंत्राचा जन्मच नोकरांवरच्या रागातून झालेला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाई होत्या. त्यांच्या घरच्या जुन्या, उंची चिनी मातीच्या बशांचे नोकरांनी घासताना टवके उडत. बाईंनी बशा-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे केले, त्यांच्यावर जोराने पाणी मारणारं यंत्र बनवलं आणि २८ डिसेंबर १८८६ ला त्याचं पेटंट मिळवलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं, त्याला बक्षीसही मिळालं. त्याच वर्षी, त्याच शिकागोत स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं. आपल्या पाठ्यपुस्तकाने शिकागोहून भाषण तेवढं आणलं. भांड्यांचं यंत्र तिथेच राहिलं, ते द्वारकेपर्यंत यायला सव्वाशे वर्षं लागली. बाईंच्या बशा चपट्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, आणि त्यांच्यात फोडणी नव्हती, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

यंत्र ठेवायचं कुठे हा पुढचा प्रश्न. ओटा सासूबाईंच्या उंचीला बांधलेला, त्यामुळे यंत्र त्याच्याखाली जाईना. दोन बोटं वरच राहिलं. उरली ड्राय बाल्कनी. ड्राय बाल्कनी ही मराठी फ्लॅटमधली सगळ्यात ओली जागा. वॉशिंग मशीन तिथे, बादल्या तिथे, मॉप तिथे, पावसाळ्यात वाळत न घालता येणारे कपडे तिथे. पाणी वाहून जावं म्हणून बिल्डर तिथे लादीला ढाळ देतो. हा ढाळ कोपऱ्यातल्या जाळीकडे असावा अशी अपेक्षा असते. आमचा स्वयंपाकघराकडे आहे. आत आलेलं पावसाचं पाणी वायपरने चढावर रेटत जाळीपर्यंत नेणं हे घर घेतल्यापासून चालू आहे, त्यामुळे तो दोष आहे असं आता घरात कोणाला वाटतच नाही. नवीन सून म्हणून आल्यावर मी एकदा विचारलं होतं. "आपल्याकडे असंच ढकलतात," असं उत्तर मिळालं. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दारातून पाणी येतंय म्हटल्यावर निदानाला वेळ लागला नाही. ज्याने ऐकलं त्याने एकच सांगितलं, रबर गेलं. दूधवाल्यानेही सांगितलं, आणि त्याने डिशवॉशर पाहिलेलाही नव्हता. गॅस्केट ही वस्तू आपल्याला प्रेशर कुकरने शिकवली. शिट्टी होईना? रबर. कडेने फसफस येते? रबर. ते काढायचं, गार पाण्यात टाकायचं, उलटं करून बसवायचं, नाहीच जमलं तर मेन रोडवरून नवं आणायचं. ह्या एका विषयात पदवी नसलेला माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. त्यामुळे झाकण असलेल्या कुठल्याही वस्तूतून काहीही बाहेर आलं, की आपण आधी रबराची चौकशी करतो.

आमच्या सोसायटीत ती चौकशी काकांकडे गेली. निवृत्त काका तीन प्रकारचे असतात, आणि नाशकातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत तिन्ही सापडतात: प्रेसमधले, एचएएलमधले आणि अंबडमधले. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात, पण आमचे प्रेसमधले काका बोलायला लागले की त्यांतल्या निम्म्या त्यांनी स्वतः वाळवल्यासारखं वाटतं. एचएएलचे काका ओझरचे. तो कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला, आणि तेव्हापासून आमच्याकडे पंखा जरी घरघरला तरी त्यावर बोलायचा पहिला मान त्यांचा. अंबडच्या काकांनी एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला नोकरी केली. टोयोटावाल्यांनी एक पद्धत घालून दिली आहे, कुठल्याही बिघाडाला पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. काका ती पद्धत भाजीवाल्यावरही वापरतात.

"पाणी बाहेर का आलं?" काकांनी ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसत सुरुवात केली.

"दारात फट असेल," नवरा म्हणाला.

"फट का पडली?"

"रबर झिजलं असेल."

"का झिजलं?"

"वापरलं म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"का वापरलं?"

"हाताने घासायची नाहीत म्हणून."

"का?"

पाचव्या 'का'ला सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मूळ कारण सापडलं होतं.

प्रेसच्या काकांना ही चर्चा हवेतली वाटली. ते म्हणाले, नोट लावून बघू. ही पद्धत खरोखर चांगली आहे आणि कुणालाही घरी करता येते. दाराच्या कडेला कागद धरायचा, दार लावायचं आणि कागद हळू ओढायचा. अडत अडत निघाला तर रबर तिथे नीट दाबतंय, सुळकन निघाला तर तिथे फट आहे. कुठलाही कागद चालतो, पण काकांना नोटच हवी होती, आणि तीही कोरी, कारण "वापरलेली लिबलिबीत असते, माप चुकतं." दहाची नोट काढली. डाव्या बाजूला अडली, उजव्या बाजूला अडली, वरच्या कोपऱ्यात तर एवढी घट्ट बसली, की ओढता ओढता तुकडाच काकांच्या हातात आला. त्या दिवशी ते नंतर फारसं बोलले नाहीत.

एचएएलच्या काकांनी उजेडाची परीक्षा सुचवली. फोनचा टॉर्च लावायचा, फोन यंत्रात ठेवायचा, दार बंद करायचं, घरातले दिवे घालवायचे. रबरात फट असेल तर उजेडाची रेघ दिसेल. फोन माझा घेतला. दिवे गेले. तीन निवृत्त गृहस्थ काळोखात उकिडवे बसून डिशवॉशरकडे टक लावून पाहत होते, सासूबाई मागे "दिसलं का, दिसलं का" करत होत्या, आणि नेमका यंत्राच्या पोटात माझा फोन वाजायला लागला. दार उघडून, टॉर्चने डोळे दिपवून घेत काकांनीच तो उचलला. सर्व्हिस सेंटरचा माणूस होता. "सर, द्वारकाला पोचलोय. पाच मिनिटांत येतो."

द्वारकेला पोचणं आणि द्वारकेत घरी पोचणं ह्यांत फरक आहे. आमच्या गॅलरीतून चौकाचा एक तुकडा दिसतो, आणि त्या तुकड्यात पाठीला सॅक लावलेला तो मुलगा दुचाकीवर पाय टेकून बराच वेळ उभा असलेला आम्हाला स्पष्ट दिसत होता. त्याचा दर थोड्या वेळाने फोन येई, "बस, पोचलोच." आम्ही हात हलवला, त्यानेही हलवला. ओळख वाढली, अंतर कमी होईना.

तो येईपर्यंत काकांनी एक शोध लावला. उजेड कुठूनच येत नाही हे सिद्ध झाल्यावर एचएएलचे काका खिन्न मनाने रबरावरून बोट फिरवत होते. डावीकडून वर, वरून उजवीकडे, उजवीकडून खाली. आणि बोट थांबलं. खाली रबरच नव्हतं.

"खाली रबर बसवलंच नाही!" काका उभेच राहिले. तिघांच्याही चेहऱ्यावर तेज आलं. उत्पादनातला दोष, ग्राहक मंच, नुकसानभरपाई, इथपर्यंत गोष्टी गेल्या. प्रेसचे काकाही बोलते झाले.

पण घरातल्या बहुतेक डिशवॉशरांना खाली तसं रबर नसतंच. मोठं गॅस्केट तीन बाजूंनाच असतं. खालच्या कडेला दाराच्या बुडाशी एक वेगळी अरुंद पट्टी असते. तिचं काम शिंतोडे अडवण्याचं, धरण होण्याचं नाही. दाराच्या आतल्या अंगावर उडालेलं पाणी ओघळत खाली येतं, तिथल्या वळणावरून परत यंत्राच्या पोटात पडतं, आणि तळाचं पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत कधी चढतच नाही, ह्या भरवशावर सगळी मांडणी केलेली असते. आता हा भरवसा कशाने मोडतो? पाणी किती झालं हे ओळखणारा तरंगता बोंडू खरकट्याने अडकला तर पातळी वाढते. भलता साबण पडला तर फेस वर चढतो. यंत्र पुढे झुकलेलं असेल तर सगळं पाणी दाराकडे येऊन बसतं. मोठी परात किंवा ताट आडवं आलं, किंवा फवाऱ्याच्या फिरत्या हातातून भलतीकडे धार सुटली, तर ती नेमकी त्या उघड्या कडेवर आपटते. चारही वेळा पाणी दारातूनच बाहेर येतं आणि चारही वेळा दार निर्दोष असतं. ते घटनास्थळ आहे, आरोपी नव्हे.

द्वारकेच्या माणसाला हे खरं तर आधी कळायला हवं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि वाहनं तुंबतात ती चौकात. म्हणून इलाजही चौकावर होतात. २०१३ पासून चौकाच्या डोक्यावरून उड्डाणपूल जातो. पायी जाणाऱ्यांसाठी चौकाच्या खालून भुयारी मार्ग काढला. वर पूल, खाली भुयार, आणि गर्दी मधल्या मजल्यावर. काठे गल्लीच्या सिग्नलला कोण अडलं, सारडा सर्कलकडून कोण घुसलं, नाशिकरोडला निघालेल्या रिक्षेने सीट भरायला कुठे मुक्काम केला, ह्याचा हिशेब कोणी मागत नाही. तुंबलेलं जिथे दिसतं तिथे पाना घेऊन बसायचं.

मुलगा आला. घामाघूम झाला होता. त्याला आधी पाणी दिलं, मग काकांनी आपले शोध सांगितले, मग त्याने यंत्राकडे उभ्यानेच पाहिलं आणि म्हणाला, "रबर बदलावं लागेल." तिन्ही काकांनी एकमेकांकडे पाहिलं. नोट आणि टॉर्च ह्यांची साक्ष त्याने ऐकूनच घेतली नाही. त्याचंही बरोबर होतं. त्याला संध्याकाळपर्यंत सिडकोत आणि गंगापूर रोडला जायचं होतं, म्हणजे द्वारका पुन्हा पार करायची होती. आगाऊ पैसे घेऊन तो गेला. यथावकाश रबर आलं, ते काकांनीच बसवलं. वरच्या कडेच्या मध्यावर पहिल्यांदा दाबायचं आणि तिथून दोन्हीकडे सरकत यायचं, म्हणजे शेवटी वीतभर रबर हातात उरत नाही. काम सुबक झालं. यंत्र लावलं. सासूबाईंनी बाहेरून आवाज दिला, "कांद्याची टोपली!"

ह्याच सुमारास वन्सं चार दिवस राहायला आल्या. येणारी नणंद कामाला हात लावतेच. रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी भांडी यंत्रात लावली, पावडरचा डबा सापडला नाही, म्हणून सिंकवरच्या बाटलीतला लिक्विड साबण सढळ हाताने ओतला आणि बटण दाबलं. यंत्रासाठीची पावडर मुद्दाम कमी फेसाची केलेली असते. हाताने घासायच्या साबणाचं सगळं नाव फेसावर चालतं. तो आत घुसळला की पंपाच्या तोंडी पाण्याऐवजी फेस आणि हवा येते, आणि उरलेला फेस उघडी कड शोधतो. आमच्याकडे तो दाराखालून निघाला, पांढराशुभ्र, लिंबाच्या वासाचा, आणि सावकाश देवघराच्या दिशेने चालू लागला. सकाळी सासूबाई उठल्या तेव्हा तो कोठीच्या कमरेपर्यंत चढला होता. अशा वेळी फेस आधी भांड्याने उपसायचा, मग आत थोडं व्हिनेगर टाकून नुसत्या पाण्याच्या फेऱ्या द्यायच्या. व्हिनेगर नव्हतं. हाका मुंबई नाक्यापर्यंत गेल्या तेव्हा एका चायनीजच्या गाडीवाल्याकडून अर्धी बाटली मिळाली. साबणाची बाटली ज्यांच्या हातून रिकामी झाली त्या लेक असल्याने दोष अर्थातच यंत्राचा ठरला. "एवढासा साबण सोसत नाही त्याला," सासूबाई म्हणाल्या.

फेस गेला, पाणी राहिलं. मग मी रांगोळी काढली.

रांगोळीची कोरडी पूड पाण्याचा थेंबही लपवू देत नाही. यंत्राच्या दाराखाली, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढली, शेजारी स्टूल घेऊन बसले आणि यंत्र चालू केलं. समोरच्या वहिनी विरजण मागायला आल्या. यंत्रासमोर रांगोळी आणि तिच्यासमोर मी ध्यान लावलेली पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या. "आज काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता देवघरातून हळद-कुंकू आणून यंत्राला वाहिलं. दसऱ्याला वाहनांची पूजा होते, मग ह्याची का नाही, असं त्यांना वाटलं असावं.

रेघेने दोन गोष्टी सांगितल्या. पाणी घेणं झाल्यावर बराच वेळ काही नाही. खालचा फवारा पूर्ण जोरात फिरायला लागला की उजव्या कोपऱ्यात रेघ एकदम तुटे, तिथे धार पोचत होती. ह्याशिवाय पुष्कळ उशिराने, सगळ्या लांबीभर रेघ हळूहळू ओली होई. ही धार नव्हती, झिरपणं होतं. एका गळतीत दोन गळत्या निघाल्या. एकच कारण असणार असं सगळ्यांनी धरल्यामुळे आजवर कोणाचंच पटत नव्हतं.

झिरपण्यासाठी मी यंत्राच्या माथ्यावर एक ताट ठेवलं आणि त्यात काठोकाठ पाणी ओतलं. पाणी मागच्या काठाला टेकलंच नाही, पुढच्या काठावरून सांडलं. तिन्ही काका, नवरा, सासूबाई आणि समोरच्या वहिनी, सगळ्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग सावकाश खाली लादीकडे. ढाळ स्वयंपाकघराकडे. यंत्राचं तोंडही स्वयंपाकघराकडे. इतकी वर्षं वायपरने चढावर पाणी ढकलणाऱ्या घराने त्याच उतारावर यंत्र उभं करून ठेवलं होतं, आणि ते बिचारं पुढे वाकून पाणी दाराशी आणून देत होतं. सांडलेल्या पाण्याला घरात शिरायचा रस्ताही त्याच ढाळाने काढून दिला होता.

"पाचवा का," अंबडचे काका पुटपुटले.

यंत्राचे पुढचे पाय म्हणजे जाड स्क्रू असतात. पाना लावून ते फिरवले की पुढची बाजू उचलली जाते. तोंड किंचित, अगदी किंचित, मागे कललेलं चालतं. पुढे कललेलं चालत नाही. काकांनी पाना चालवला, मी ताटातलं पाणी पाहत "अजून, अजून, बास" म्हणत राहिले. झिरपणं त्याच दिवशी थांबलं.

राहिला उजवा कोपरा. खालची जाळी काढली, तिच्याखालचा फवाऱ्याचा हात हलकेच वर ओढला. तो पान्याशिवाय निघतो, हे कळल्यावर काकांचा उत्साह थोडा कमी झाला. हात हलवला तर आत खुळखुळ वाजलं. सासूबाईंनी कान लावला आणि ओळखलं, मोहरी. हाताच्या भोकांत मोहरी बसली होती, जिरं बसलं होतं, एका भोकात कढीपत्त्याचा देठ आडवा होता. आमच्या घरातल्या सगळ्या फोडण्यांची नोंद तिथे जमा झालेली होती. टोकदार काडीने ती साफ केली. तरी समाधान होईना म्हणून हात नळाखाली धरला, आणि एका कडेने, जिथे भोकच नाही अशा जागेतून, पाण्याची बारीक, सरळ धार निघून थेट सासूबाईंच्या पदरावर गेली. असा हात प्लास्टिकचे दोन भाग जोडून केलेला असतो. त्याचा एका बाजूचा सांधा बोटभर उकलला होता. भोकं बंद, पाण्याला वाट नाही, म्हणून जोर सांध्यावर. प्रत्येक फेरीत ती धार दाराच्या उजव्या कोपऱ्यात, त्या उघड्या कडेवर जात होती. आम्ही सगळे बाजूंच्या रबराला नोटा लावत होतो.

नवा हात मागवला. तो रबरापेक्षा स्वस्त निघाला. खुंटीवर ठेवून दाबला, टक् असा आवाज झाला, संपलं. रांगोळीची रेघ पुसली गेली ती मावशींच्या केरसुणीने, पाण्याने नव्हे. आता वाट्या आत जाण्याआधी खरकटं आणि मोहरी काढायची असा नियम आहे, आणि मावशींनी तो ऐकून एवढंच विचारलं, की मग मशीन काय करतं.

काका मात्र नाराज आहेत. एवढ्या मोठ्या तपासाचा शेवट हाताने दाबून झाला, हे तिघांनाही पटलेलं नाही. एचएएलचे काका उकललेला जुना हात अभ्यासासाठी घरी घेऊन गेले. प्रेसचे काका नोटेचा तुकडा बँकेत बदलून आले. अंबडच्या काकांनी माशाच्या सांगाड्यासारखा एक तक्ता काढून दिला आहे, त्यात सगळ्या काट्यांना कारणं लिहिली आहेत आणि एका काट्यापुढे "सून" असं लिहून खोडलेलं आहे.

जुनं रबर अजून तिसऱ्या खणात आहे. ते निर्दोष असल्याचं सगळ्यांना मान्य आहे, त्यामुळे टाकताही येत नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधी ढाळाचंही काम उरकून टाकावं म्हणून नवऱ्याने गवंडी बोलावला. त्याने पाणी भरलेला लेव्हल पाइप आणला, एक टोक जाळीपाशी धरायला लावलं, दुसरं स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. पाहिलं. परत पाहिलं. मग बादलीभर पाणी जाळीजवळ ओतलं आणि ते आमच्या पायांवरून, सिलिंडरला वळसा घालून, कांद्याच्या टोपलीकडे जाताना शांतपणे बघत उभा राहिला.

"ढाळ बरोबर आहे ताई," तो म्हणाला. "पाणी उलटं चाललंय."